अमंगळ पक्ष्याचे डोहाळजेवण

एखादा जीव मुळात पवित्र असतो म्हणून त्याचे रक्षण केले जाते, की एखादा समाज त्याच्या रक्षणाचे कर्तव्य स्वतःवर घेतो आणि त्या कर्तव्याच्या आचरणातून त्या जीवाला पावित्र्य येते, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न आहे. आशियातील संकटग्रस्त पक्ष्यांसाठी गावोगावच्या समाजांनी गेल्या दोन-तीन दशकांत जे प्रयत्न केले, त्यांकडे बहुधा प्राणिशास्त्राच्या किंवा शासकीय धोरणाच्या दृष्टीने पाहिले जाते, आणि त्यांतील धार्मिक आचाराचा भाग लोकांना जवळ आणण्याची एक युक्ती म्हणून दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः या प्रयत्नांत वरील प्रश्नाचे एक गंभीर उत्तर आलेले आहे, आणि ज्यांना कोणी धर्मचिंतक म्हणणार नाही अशा खेड्यांतील स्त्रियांनी ते आपल्या आचारातून दिले आहे.

प्रश्नाची सोपी बाजू आधी पाहिलेली बरी. भूतानमधील फोबजिखा खोऱ्यात दर हिवाळ्यात तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. खोऱ्यातील गांगतेंग मठाला हे पक्षी प्रदक्षिणा घालतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. मठाच्या प्रांगणात १९९८ पासून दर नोव्हेंबरात क्रौंचांचा उत्सव भरतो, आणि खोऱ्यात वीज आणताना पक्षी तारांवर आदळू नयेत म्हणून त्या तारा जमिनीखालून नेण्यात आल्या. येथे पक्ष्याविषयीचा पूज्यभाव आधीपासून होता आणि रक्षण त्यातून ओघानेच आले. मात्र केवळ अशा उदाहरणांवरून सिद्धान्त बांधला, तर परंपरेने ज्यांना पूज्य मानले तेवढेच पक्षी वाचतील आणि ज्यांना अशुभ मानले त्यांना धर्माच्या दारी आसरा नाही, असे म्हणावे लागेल. दयेची खरी परीक्षा या दुसऱ्या वर्गातील पक्ष्यांच्या बाबतीत होते, म्हणून विवेचनाचा भर त्यांच्यावरच असायला हवा.

शव, हाडे, विष्ठा आणि कुजलेले मांस यांच्याशी ज्याचा संबंध येतो, त्या पक्ष्याला शुद्धाशुद्धतेच्या भारतीय कल्पनांत अगदी खालचे स्थान आहे. गिधाडाचे घरावर बसणे हा अपशकुन मानला गेला आणि अशा अपशकुनांच्या निवारणासाठी शांतिविधीही सांगितले गेले. असे असले तरी मंगल आणि अमंगल यांच्या याद्या परंपरेने कायमच्या ठरवून टाकल्या आहेत, हा समज इतिहासाला धरून नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात घरात शिरलेला कपोत, म्हणजे पारवा किंवा कबुतराच्या जातीचा पक्षी, हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत मानला आहे आणि त्याच्या येण्यापासून अपाय होऊ नये म्हणून देवांची प्रार्थना केली आहे. त्याच कुळातील कबुतरांना दाणे टाकणे आज शहरोशहरी पुण्यकर्म समजले जाते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होणारा हा प्रवास कोणत्याही धर्मग्रंथाच्या आज्ञेने झालेला नाही. लोकांनी वर्षानुवर्षे केलेल्या कृतीने तो घडवला. कबुतर हा काही संकटग्रस्त पक्षी नाही आणि त्याला दाणे टाकल्याने निसर्गाचे हित होतेच असेही नाही, तरीही पक्ष्याचे धार्मिक मूल्य बदलू शकते हे त्यावरून निर्विवाद दिसते.

आसाममधील हरगिल्याचे उदाहरण याच दृष्टीने अतिशय मोलाचे आहे. हरगिला हा करकोचांच्या कुळातील पक्षी उभा राहिला की जवळजवळ पाच फूट उंच भरतो. त्याच्या डोक्यावर आणि मानेवर नावापुरतीच पिसे असतात, गळ्याखाली कातडीची लांब पिशवी लोंबते, आणि मेलेली जनावरे, मासे, उकिरड्यावरची घाण असे जे मिळेल ते तो खातो. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात तो इतक्या संख्येने दिसे की त्या शहराच्या पालिकेच्या जुन्या बोधचिन्हावर त्याची जोडी विराजमान झाली होती. आज त्याची वीण आसाम, बिहारमधील भागलपूरचा परिसर आणि कंबोडियातील तोन्ले साप सरोवराचा प्रदेश एवढ्यापुरतीच उरली आहे. आसामात तो घरटी बांधतो ती राखीव जंगलात नव्हेत. लोकांच्या परसातील कदंब, काटेसावर अशा उंच झाडांवर त्याच्या वसाहती असतात. त्यामुळे झाडाखाली विष्ठा पडते, पिलांसाठी आणलेले मांसाचे आणि माशांचे तुकडे पडून कुजतात, दुर्गंधी घरात शिरते, आणि पक्ष्याविषयी मुळातच किळस असलेला घरमालक एक दिवस झाड तोडून मोकळा होतो. झाड त्याच्या मालकीचे, जमीन त्याची, त्रासही त्याचाच. अशा ठिकाणी अभयारण्याची चौकट फारशी उपयोगी पडत नाही.

कामरूप जिल्ह्यातील दादरा गावात २००७ साली अशाच एका तोडलेल्या झाडाबरोबर घरटे आणि पिले खाली आली. त्या वेळी संशोधन करणाऱ्या पूर्णिमादेवी बर्मन यांनी ते पाहिले, आणि जाब विचारल्यावर गावाचा रोषही ओढवून घेतला. आपला प्रबंध बाजूला ठेवून त्यांनी दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांतील स्त्रियांमध्ये काम सुरू केले. तो प्रबंध पुढे २०१९ साली पूर्ण झाला. या स्त्रियांच्या संघटनेला हरगिला आर्मी असे नाव पडले आणि आज तिच्यात दहा हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. त्यांनी जे अनेक उपक्रम केले, त्यांतील एक धर्मचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आसामी समाजात गर्भवतीसाठी पंचामृत नावाचा विधी करतात, तो महाराष्ट्रातील डोहाळजेवणाच्या जवळ जाणारा आहे. हरगिल्याचा विणीचा हंगाम आला की या स्त्रिया त्याच्या मादीसाठी हाच विधी करू लागल्या, परंपरेने चालत आलेल्या चालींवर तिच्यासाठी गाणी म्हणू लागल्या आणि पिले जन्मल्यावर त्यांचेही कौतुक करू लागल्या. ज्या पक्ष्याची सावली नको होती, त्याला माहेरवाशिणीचा मान मिळाला. या तीन गावांतील घरट्यांची संख्या २८ वरून २५० च्या पुढे गेली, आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला.

या विधीला कोणी देखावा म्हणेल. पक्ष्याला त्यातले काही कळत नाही, कोणत्याही शास्त्रात तो सांगितलेला नाही, आणि त्याचा हेतू पक्षी वाचवण्याचा, म्हणजे ऐहिक आहे, तेव्हा हा धर्म कसला, असा तो आक्षेप आहे. त्याला पूर्वमीमांसेच्या आधारे उत्तर देता येते. पूर्वमीमांसा म्हणजे वैदिक कर्मकांडाचा तर्कशुद्ध अर्थ लावणारे दर्शन. जैमिनीची सूत्रे हा त्याचा पाया आणि शबरस्वामींचे भाष्य हे त्यावरील सर्वांत जुने उपलब्ध भाष्य. या दर्शनात देवतेलाही कर्माचे अंग मानले जाते, प्राधान्य कर्माला असते. शबरांनी संस्काराची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा, की जो झाल्याने एखादा पदार्थ विशिष्ट प्रयोजनासाठी योग्य होतो, तो संस्कार. तांदूळ कांडल्याशिवाय पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पण करायची भाकरी, होऊ शकत नाही, म्हणून कांडणे हा संस्कार ठरतो. पावित्र्य हा पदार्थाचा जन्मजात गुण नसून योग्यता ही कर्माने उत्पन्न होते, हा या विचाराचा गाभा आहे, आणि तो मान्य केला तर विधीपूर्वी हरगिला अमंगळ होता या गोष्टीने विधीला काहीच बाध येत नाही.

मात्र कामरूपातील विधीत संस्कार नेमका कोणावर होतो, हे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. पक्षी होता तसाच राहतो. झाडाखालची घाण आणि दुर्गंधी विधीनंतरही तीच असते. बदल होतो तो विधी करणाऱ्यांत. मीमांसेत अधिकार या संज्ञेने कर्म करण्याची पात्रता आणि ते करण्याचे दायित्व या दोन्ही गोष्टी सूचित होतात, कारण नित्यकर्मांत, म्हणजे नेमाने करायच्या कर्मांत, ज्याला अधिकार आहे त्याला कर्म टाळण्याची मोकळीक नसते. पंचामृताच्या विधीतून स्त्रियांना हा अधिकार प्राप्त होतो. जिचे डोहाळे पुरवले तिच्या बाळंतपणाची काळजी वाहणे हे आपसूकच आपले काम होते. घरट्यातून पडलेली पिले झेलण्यासाठी झाडाखाली जाळी बांधणे, जखमी पिलाला उपचारासाठी पोचवणे, शेजारच्या झाडमालकाला कुऱ्हाडीपासून परावृत्त करणे, ही कामे मग उपदेशाने सांगावी लागत नाहीत. हरगिला पवित्र ठरला म्हणून त्याचे रक्षण झाले असे म्हणण्यापेक्षा, त्याच्या रक्षणाचे अधिकारी असलेला एक समाज या विधीने निर्माण केला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

शास्त्रात नसलेला विधी, हा आक्षेपही फारसा टिकत नाही. मत्स्यपुराणात वृक्षोत्सवाचा विधी आला आहे, आणि त्यात नव्या झाडांना सजवून सोन्याच्या सुईने त्यांचे कर्णवेधन करावे, सोन्याच्या काडीने अंजन घालावे, असे सांगितले आहे. माणसाच्या अपत्यावर करायचा संस्कार झाडावर करण्याची कल्पना पुराणकारांना विपरीत वाटली नाही. कामरूपातील स्त्रियांनी तेच एका पक्ष्याच्या बाबतीत केले. हेतू ऐहिक आहे हेही त्या विधीविरुद्ध बोलत नाही, कारण पाऊस पडावा, धान्य पिकावे, संतती जगावी यांसाठी केलेली कर्मे वैदिक परंपरेत धर्माबाहेरची मानलेली नाहीत. या आक्षेपात खरे तथ्य एका वेगळ्याच बाबतीत आहे. बाहेरून आलेल्या एखाद्या संस्थेने लोकांची श्रद्धा आपल्या कार्यक्रमासाठी वापरायची आणि काम झाले की ती बाजूला ठेवायची, असे घडले तर तो श्रद्धेचा अपमान होईल, मग पक्षी वाचो वा न वाचो. कामरूपात तसे झाले नाही, याचे कारण विधी त्याच समाजातील होता आणि तो करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या मेखला-चादरीवर, म्हणजे आसामी स्त्रियांच्या पारंपरिक वस्त्रावर, हरगिल्याची नक्षी विणण्यापर्यंत तो आपलासा केला. या विणकामातून त्यांना चार पैसेही मिळतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; दान देणाऱ्याचे घर चालले पाहिजे, ही गोष्ट धर्मशास्त्रानेही मानली आहे.

येथे दानाचा प्रश्न ओघाने येतो, आणि तो सहसा विसरला जातो. हरगिल्याचे कौतुक दिल्लीत आणि मुंबईतही होते, पण त्याची विष्ठा दादऱ्यातल्या घरमालकाच्या अंगणात पडते. झाड विकून येणारे पैसे सोडून देणारा तो, लेकराबाळांसह दुर्गंधी सोसणाराही तोच. दान हे स्वतःच्या मालकीच्या वस्तूचेच करता येते, हा दानविचाराचा पहिला नियम आहे, आणि त्या नियमाने पाहिले तर या सर्व व्यवहारातील मुख्य दाता हा झाडमालक ठरतो. त्याला गावासमोर गामोसा देऊन गौरवण्याची प्रथा तेथे पडली. गामोसा म्हणजे आसामी समाजात आदराने अर्पण केले जाणारे, लाल काठांचे हातमागाचे वस्त्र. ही प्रथा दात्याच्या त्यागाची योग्य दखल घेते. तो त्याग न मोजता केवळ पक्ष्यांची संख्या मोजणे हा या समाजांवर अन्याय आहे.

गिधाडांच्या बाबतीत घडले ते याहून वेगळे, आणि कितीतरी अधिक क्लेशदायक. गिधाडाविषयी भारतीय परंपरेत अपशकुनाची कल्पना होती तशीच अत्यंत उदात्त कथाही होती. रामायणाच्या अरण्यकांडात सीतेसाठी प्राण वेचणाऱ्या जटायूचे अंत्यसंस्कार राम स्वतः करतो, आणि पित्याच्या सख्याला द्यायचा मान त्याला देतो. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद हे त्या प्रसंगाचे स्थान म्हणून महाराष्ट्रात पूज्य आहे. राजगृहाजवळच्या ज्या टेकडीवर बुद्धांनी उपदेश केला, तिचे नावही गृध्रकूट आहे. एवढा वारसा असूनही १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, आणि लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी. कथेने जटायूला अमर केले, पण त्याच्या कुळाविषयी कोणताही आचार लोकांना लावून दिला नाही. आचार नसलेली श्रद्धा केवळ स्मरण होऊन राहते, आणि स्मरणाने घरटी राखली जात नाहीत.

या संहाराचे कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. गुराढोरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. शंभर मृत जनावरांपैकी एकातसुद्धा हे औषध नसले, म्हणजे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली असले, तरी एवढी घट घडवायला ते पुरेसे ठरते, असे गणित पुढे मांडले गेले. भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध उपलब्ध झाले, आणि भारताने २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांच्याही जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आणली.

या कारणमीमांसेत एक दारुण नैतिक प्रश्न आहे. म्हाताऱ्या, लंगड्या, कामातून गेलेल्या जनावराला शेतकऱ्याने औषध दिले ते त्याचे दुखणे हलके व्हावे म्हणून. म्हणजे ज्या कृतीने गिधाडे मेली ती कृती दयेची होती. पाप संकल्पात असते की कृतीत, हा वाद श्रमण परंपरांत जुना आहे. पाली त्रिपिटकातील उपालिसुत्तात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, कायेच्या कृतीला अधिक गंभीर मानतात आणि बुद्ध मनाच्या व्यापाराला. गिधाडांच्या बाबतीत संकल्प निर्मळ होता, म्हणून त्या शेतकऱ्यांना कोणी पापी ठरवणार नाही. पण संकल्प निर्मळ होता एवढ्याने काही गिधाडे वाचली नाहीत. जैन आगमांतील दशवैकालिकसूत्रात ज्ञान आधी आणि दया नंतर असा क्रम लावला आहे, तो येथे अधिक खोल वाटतो. समोरच्या एका जिवाविषयीची करुणा, तिचे धागे दृष्टीआड कोणत्या जिवांपर्यंत पोचतात हे जाणून घेत नाही तोवर, अपुरी असते, आणि अपुरी करुणा घातकही ठरू शकते.

नेपाळमधील नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली गावाने हा पेच ज्या रीतीने सोडवला, ती रीत अनेक धर्मचर्चांपेक्षा शहाणपणाची आहे. तेथे २००६ साली पक्षी संरक्षण संस्थेच्या साहाय्याने गावकऱ्यांनी गिधाडांसाठी निर्धोक आहाराचे ठिकाण उभारले आणि ते जटायू रेस्टॉरंट या नावाने ओळखले जाऊ लागले. आसपासच्या शेतकऱ्यांकडून म्हातारी गुरे आणून गोठ्यात ठेवली जातात, त्यांना घातक औषधांपासून दूर ठेवून त्यांची देखभाल केली जाते, आणि नैसर्गिक मृत्यू आल्यावरच त्यांचे शरीर गिधाडांसाठी मोकळ्या जागी ठेवले जाते. गोवध निषिद्ध मानणाऱ्या समाजाने येथे आपल्या व्रताला किंचितही बाधा येऊ दिली नाही. उलट गायीविषयीचे कर्तव्य पूर्ण केल्यावरच गिधाडाविषयीचे कर्तव्य सुरू होते. एकावरची दया दुसऱ्याच्या जिवावर उठली होती, त्या दोघांना गावकऱ्यांनी एकाच आचारात आणून बसवले, आणि जटायूचे नाव प्रथमच त्याच्या कुळाच्या उपयोगी पडले. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या खोरीपाडा येथे आणि रायगडातील म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव येथे गावकऱ्यांच्या सहभागाने गिधाडांना आहार आणि अभय देण्याचे प्रयत्न झाले आहेत.

मुंबईतील पारशी समाजाची स्थिती मात्र अशी सुटण्यासारखी नव्हती. झरथुष्ट्री धर्मविचारात प्रेत हे अशुद्धीचे अधिष्ठान असते, आणि अग्नी, भूमी, जल या पवित्र तत्त्वांना त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून ते दख्म्यात, म्हणजे त्यासाठी बांधलेल्या उघड्या मनोऱ्यात, गिधाडांच्या स्वाधीन केले जाते. मृत्यूनंतर देहाने घडणारे हे शेवटचे दान आहे, असेही अनेक पारशी मानतात. मलबार हिलवरील डुंगरवाडीत, म्हणजे दख्म्यांच्या परिसरात, गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा सौर किरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, आणि २०१५ पासून वरळीत दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृहाची सोय झाली. शतकानुशतकांचा विधी असा मोडकळीला येणे ही त्या समाजाची मोठी वेदना आहे, आणि तिच्याकडे बाहेरच्यांनी आदरानेच पाहिले पाहिजे. विधी सर्वस्वी गिधाडावर अवलंबून होता, पण गिधाडाचे जगणे त्या विधीच्या कक्षेत नव्हते. ते दूरच्या खेड्यांतील गोठ्यांवर आणि औषधांच्या दुकानांवर अवलंबून होते, आणि तेथे त्या समाजाचा हात पोचत नव्हता.

हीच मर्यादा कामरूपातील विधीलाही आहे. हरगिल्याचे घरटे दादऱ्याच्या परसात असले, तरी त्याचे अन्न गुवाहाटीच्या आसपासच्या पाणथळ जागांत आणि शहराच्या कचऱ्यात आहे. दीपोर बील हे सरोवर २००२ पासून रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानले गेले असूनही वाढते शहर त्याच्या काठापर्यंत आले आहे. हरगिला आर्मीच्या पुढाकाराने घरट्यांच्या झाडांजवळ आणि पाणथळ जागांच्या काठी ४५ हजार रोपे लावली गेली, हे त्या स्त्रियांनी आपला अधिकार गावाच्या शिवेपलीकडे नेल्याचे लक्षण आहे. पण सरोवरात जे सोडले जाते आणि उकिरड्यावर जे फेकले जाते, ते या स्त्रियांच्या हाती नाही. ज्याने डोहाळे पुरवले नाहीत, ज्याच्या अंगणात विष्ठा पडत नाही, पण ज्याच्या घरातले प्लास्टिक आणि विषारी कचरा त्या पिलांच्या पोटात जाण्याची शक्यता आहे, त्या शहरवासीयाला या कर्तव्यात कोणत्या विधीने अधिकारी करून घ्यायचे, याचे उत्तर खेड्यातील स्त्रियांनी द्यावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्यांनी आपल्या अंगणापुरते ते दिले आहे. शहराचा पंचामृत विधी शहरालाच शोधावा लागेल.